कानाच्या मशीनची डबी

कवठे येमाईत गेणबाच्या आवाजाला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. मेंढरं होती तेव्हा ओढ्याच्या अलीकडून त्यानं एक हाळी दिली, की पलीकडच्या माळावरचा अख्खा कळप माना वर करायचा. मेंढरं विकून वर्षं लोटली, आता घरचा कांदा आहे, थोडा ऊस आहे, पण आवाज अजून तसाच खणखणीत. कानांनी मात्र साठीनंतर हळूहळू काम सोडलं. मुलगा रविराज कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जातो आणि बायकापोरांना घेऊन तिकडंच राहतो. फोनवर बापाशी ओरडून ओरडून त्याचा घसा बसायला लागला, तेव्हा त्यानं शिरूरच्या दुकानातून म्हाताऱ्याला कानाचं मशीन घेऊन दिलं.

मशीन कानात बसलं त्या दिवशी गेणबा हरखून गेला. चुलीवर चहा उकळतो तो कसा बोलतो, हे ऐकत तो तिथंच उकिडवा बसून राहिला. बायकोला, म्हाळसाबाईला, म्हणाला, तुझी जोडवी फरशीवर वाजतात हे मी विसरूनच गेलो होतो. म्हाळसाबाई त्या वयात लाजली आणि त्याला उगाच दोन शब्द सुनावले. तेही त्याला स्वच्छ ऐकू आले.

मशीनबरोबर एक डबी आणि बोटाएवढा मऊ ब्रश मिळाला होता. डबीत पांढरे दाणे होते. रात्री मशीन त्यात ठेवायचं, दाणे ओल शोषून घेतात, असं दुकानातल्या बाईनं बजावलं होतं. गेणबाला ते दाणे उंदराच्या औषधासारखे दिसले. असली वस्तू कानाशी नको म्हणून त्यानं ते उकिरड्यावर टाकले आणि डबीत जेजुरीचा भंडारा भरला. ओल शोषायची तर हळदही शोषते, आणि वर खंडोबाची राखण. आपल्या हुशारीवर तो जाम खूश होता. रोज रात्री मशीन पुसून भंडाऱ्यात निजवायचा, डबी देव्हाऱ्यात ठेवायचा आणि हात जोडायचा. ब्रश म्हाळसाबाईनं उचलला. देवांचे चांदीचे टाक घासायला इतका बारीक ब्रश तिला जन्मात मिळाला नव्हता. पोरंबाळं आली तर बुटाला लावतील म्हणून ती तो कमरेच्या बटव्यातच ठेवायची.

असं वर्षभर सुखात चाललं आणि एक दिवस मशीन मुकं झालं.

वेळ तरी कुठली साधावी त्यानं. रविराजची थोरली पोरगी रुपाली दौंड स्टेशनवर गाड्यांची घोषणा करायला लागणार होती, कंत्राटावर का होईना. रोजचं सगळं कॉम्प्युटर बोलतो, पण गाडी रखडली, फलाट बदलला, की माणसाला माईक घ्यावा लागतो, असं तिनंच फोनवर सांगितलं होतं. आणि म्हणाली होती, "आबा, पैल्या दिवशी भोंग्याखाली येऊन बसा. माझा आवाज तुमच्यासारखा झालाय का, ते तुमीच सांगा." लहानपणी ही पोरगी त्याच्या खांद्यावर बसून मेंढरांना हाळी द्यायची. तो आवाज ऐकायला गेणबा दौंडच काय, दिल्लीपर्यंत पायी गेला असता.

मशीन सदऱ्यानं लखलखीत पुसून तो शिरूर गाठून आला. दुकानातल्या बाईनं पावतीवरची तारीख पाहिली आणि मशीन न उघडताच परत सरकवलं. वॉरंटी गेल्याच महिन्यात संपली होती. कंपनीला पाठवलं तर यायला महिना, आणि येईलच याची खात्री नाही, नवंच घ्या, असं तिनं कागदावर लिहून दाखवलं. गेणबानं तिला समजावलं, की मेंढरू आजारी पडलं तर आम्ही त्याची तारीख बघत बसत नाही, औषध पाजतो. बाई हसली, पण मशीन काही तिनं उघडलं नाही.

घरी मात्र त्यानं चकार शब्द काढला नाही. रविराजला कळलं तर तो जादा शिफ्टा करून नवं मशीन आणील, आणि रुपालीच्या आनंदात मिठाचा खडा पडेल. मग गेणबानं सोपी युक्ती काढली. मशीन कानात घालायचं आणि कुणी काही बोललं, की हसून 'व्हय व्हय' म्हणायचं. या युक्तीपायी त्यानं शेजारच्या सोपानरावाला पाण्याची पाळी देऊन टाकली आणि देवळाच्या रंगाची जबाबदारी अंगावर घेतली.

ठरल्या दिवशी नवराबायको शिरूरहून एसटीनं दौंडला आले. फलाट तिकीट काढून भोंग्याखालच्या बाकावर बसले. माणसांची तोंडं हलत होती, हमालांच्या गाड्या जात होत्या, आणि गेणबाला सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं वाटत होतं. नात बोलेल आणि आपल्याला कळणारही नाही, या विचारानं त्याचे डोळे भरून आले. शेवटी तो बायकोकडं वळला.

"म्हाळसे, मशीन मेलंय. मला काय बी ऐकू येत न्हाई."

म्हाळसाबाईनं त्याच्या कानाला तोंड लावलं आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं सांगितलं, "मला ठावं हाय. आठवडाभर शिव्या देतीया तुमाला, आन् तुमी आपलं व्हय व्हय."

तिनं मशीन त्याच्या कानातून काढलं, डोळ्यांजवळ धरलं. बारीक भोकाच्या कडेला पिवळी रेघ होती. रेघ ओळखायला तिला वेळ लागला नाही. तिनं बटव्यातून देवाचा ब्रश काढला आणि टाक घासावा तसं मशीन हलक्या हातानं घासायला लागली. भुरुभुरु भंडारा तिच्या पदरावर पडला. वर्षभराचा साचलेला. मग तिला हसू फुटलं ते आवरेचना. हसता हसता तिनं तो भंडारा चिमटीत घेतला, एक बोट त्याच्या कपाळाला लावलं, एक स्वतःच्या. देवाचा म्हटल्यावर सांडून कसा द्यायचा.

मशीन परत कानात गेलं आणि कुईंऽ करून ओरडलं. गेणबा दचकला. पाठोपाठ हमालाच्या गाडीची चाकं आली, चहावाला आला, बायकोचं हसू आलं. आणि डोक्यावरचा भोंगा खरखरला.

"यात्रीगण कृपया ध्यान द्या," भोंगा म्हणाला. आवाज खणखणीत होता, शब्दाच्या शेवटाला किंचित वर चढणारा, माळावरच्या हाळीसारखा. सोलापूरकडून येणारी गाडी तासभर उशिरानं धावत होती. "आपल्याला होणाऱ्या असुविधेबद्दल आम्हाला खेद आहे."

फलाटावरची माणसं चरफडली. कुणी घड्याळ बघितलं, कुणी रेल्वेच्या नावानं बोटं मोडली. गेणबा मात्र उठून उभा राहिला, भोंग्याकडं तोंड केलं आणि जुनी हाळी द्यावी तसं म्हणाला, "कसला खेद, बाय माझे! येऊ दे सावकाश."

अख्ख्या फलाटानं माना वर केल्या. आणि बंद करायच्या राहिलेल्या माईकवरून, भोंग्यातून, एक हसू खळखळत खाली आलं. ते गेणबानं शेवटपर्यंत ऐकलं.