माऊली नावाचा संशय

आमच्या लासुर्ण्यात माऊली म्हणायला ओळख लागत नाही. चहावाला माऊली, ट्रॅक्टरवाला माऊली. बांध कोरणाऱ्या भावकीलासुद्धा आधी माऊली आणि मग शिवी. फसवणारे चोर हुशार, त्यांनीही हाच शब्द उचलला. ‘माऊली, तुमचं ऊसबिल अडकलंय, खालची लिंक दाबा,’ असा मेसेज आला आणि आमच्या आळीतल्या बनाबाईनं लिंक दाबली. खातं धुऊन निघालं.

तिची लेक सुप्रिया बारामतीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला होती. तिनं चंगच बांधला, आईच्या फोनवर असा मेसेज पुन्हा दिसू द्यायचा नाही. नवीनच मशीन लर्निंग शिकत होती. त्यात यंत्राला नियम सांगत नाहीत, नमुने दाखवतात. खरं-खोटं ते त्यावरून ओळखायला शिकतं. खोटे मेसेज तिनं गावातल्या फोनमधून गोळा केले, खरे घेतले हॉस्टेलच्या मैत्रिणींकडून. त्या पोरी एकमेकींना माऊली कशाला म्हणतील? यंत्र शिकलं, माऊली दिसला की चोर. सरांनी पाठ थोपटली, तिनं ते आईच्या फोनमध्ये बसवलं. पण पोरगी गावचीच ना! तिलाही हे सुचू नये, याचा मला अजून राग येतो. कारण तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचं नाव माऊली.

तो लोणी देवकरला कंपनीत होता. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून बनाबाई त्याला म्हणाली, “परत तोंड दावू नगंस.” तो बायकोला घेऊन गुजरातला गेला, जुना नंबर बंद केला. आईचा राग महिनाभरही टिकला नाही. पुढं किडनीच्या दुखण्यानं तिनं अंथरूण धरलं, तेव्हा सुट्टीला आलेल्या सुप्रियाला रोज एकच विचारणं.

“सुप्रे, माऊलीचा काय मेसेज हाय का गं?”

“न्हाय, आये.”

“नीट बघ की.”

सुप्रिया बघायची. यंत्रानं अडवलेले मेसेज वेगळ्या कप्प्यात जात. तो कप्पा तिनं कधी उघडला नाही, इतका तिचा स्वतःच्या कामावर भरवसा. बनाबाई तशीच गेली.

लोणी देवकरच्या एका मित्रानं कळवलं, म्हणून माऊली तिसऱ्या दिवशी आला. दारातच उभा राहिला.

“म्या नव्या नंबरवरनं लिवलं होतं. ‘आये, मी माऊली, चुकलं माझं, येऊ का?’ तिचं उत्तरच आलं न्हाय. म्हणलं, राग गेला नसंल.”

सुप्रियाला फोन उघडून बघायची गरज पडली नाही. गप्प राहता आलं असतं, पण ती राहिली नाही.

“दादा, तिला तो दिसलाच न्हाय. माझ्या यंत्रानं अडवला, तुझ्या नावामुळं. राग कसला, ती रोज तुझी वाट बघत होती.”

निदान एवढं ऐकून तरी त्याला बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. माऊली उंबऱ्यावर खाली बसला.

“रागात गेली असती,” तो म्हणाला, “तर सोसलं असतं गं.”