काशीची वाकळ

सुमे, इकडे ये, बस आजीपाशी. माझी गोधडी कुणाला विचारून मशीनमध्ये टाकलीस गं? आता नाकाशी धरली तर तुझा वास गेला, नुसता साबणाचा वास येतोय. रागावले नाही, पण त्या वासानं मला काशी आठवली.

साठ-बासष्ट साल असेल. लोणावळ्याला मनानं आजारी असलेल्या मुलांच्या वॉर्डात मी नवी नर्स होते. काशी सहा वर्षांची. बोलायची नाही, भिंतीवर डोकं आपटायची. लोहगडवाडीहून तिची आई तिला सोडायला आली आणि जाताना जुन्या लुगड्याची वाकळ माझ्या हातात देत म्हणाली, "लय आपटाया लागली की ही द्या, बाई. माजा वास आला की निजती." खरंच, वाकळीला चुलीच्या धुराचा वास होता. त्यात तोंड खुपसलं की पोर शांत व्हायची.

पण घरून आलेलं कापड सोड्यात उकळायचं, असा वॉर्डाचा नियम. धोबी आला त्या दिवशी वाकळही गेली. परत आली तेव्हा काशीनं ती हुंगली. एक कोपरा, दुसरा कोपरा, मग उलटी करून मधोमध. मग हळूच खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. डोकं काही आपटलं नाही. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बघ, सुधारतेय पोर!" मलाही तेव्हा आनंदच झाला.

आता कळतं गं. आई कुठंच सापडेना, म्हणून तिनं शोधणंच सोडलं होतं.

जाऊ दे. उद्या तू पुण्याला निघशील, पण लवकर ये. आलीस की याच गोधडीत माझ्याजवळ नीज.