शंखातल्या बाईचं नाक

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या जन्मात कोणत्याच गोष्टीचं तोंड आधी पाहिलं नाही, आधी पाठच पाहिली. माणूस असो, कपड्याचं थान असो की पापड असो. "पुढून सगळेच छान दिसतात, पाठ दाखवा," हे त्यांचं ठरलेलं. मला बघायला आले तेव्हापण हेच. मी नवरदेव होणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेलो, केसांना तेल, तोंडाला पावडर, आणि हे चहाचा कप खाली ठेवून म्हणतात, "जरा तिकडे तोंड करून उभे राहा." मी चौथी नापास. मला वाटलं भिंतीवर काही लिहिलंय, ते वाचायला लावतात. घाबरून फिरलो. तर काय की, कोळसे संपले म्हणून मी शर्टाला इस्त्री फक्त पुढूनच केली होती. मागून शर्ट म्हणजे शेंगदाण्याची पुडी. सगळी बैठक हसली. मामाजी नाही हसले. त्यांनी खिशातून भिंग काढलं, माझ्या पाठीवरची शिलाई बघितली आणि बायकोच्या वडिलांना म्हणाले, "द्या मुलगी. ह्याला काही लपवता येत नाही." असं माझं लग्न झालं.

ते भिंग मिलचं होतं, धागे मोजायचं, घडी होऊन खिशात बसणारं. मामाजी फोल्डिंग खात्यात तयार कपडा तपासायचे. थान उलटं करून बघायचे आणि एक धागा जरी चुकलेला दिसला की लाल खडूची रेघ. साळखात्यातले, म्हणजे मागावर विणणारे लोक त्यांना बघून रस्ता बदलायचे. मीपण त्याच मिलमध्ये होतो, डोक्यावर सुताच्या बॉबिनच्या टोपल्या वाहायचो. देवाने डोकं दिलं त्याचा तेवढाच उपयोग झाला. पण मी पडलो भाचीचा नवरा. मामाजी मिलच्या फाटकातपण "या जावईबापू" म्हणायचे, आणि टोपलीवाला जावईबापू बघून अख्खी पाळी हसायची. त्यांनी मला कधी 'अरे' केलं नाही. जावयाला वाकडं बोलायचं नाही, चारचौघांत तर बिलकुल नाही, हा त्यांच्या घरचा कायदा. तो कायदा नसता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

कपड्याचा माणूस दागिन्यात कसा घुसला, तर महूमुळे. तिथे छावणीत एक म्हातारी पारशीण बाई होती, गोरे साहेब जाताना सोडून गेलेलं सामान विकायची. मामाजी सुट्टीच्या दिवशी तिच्या दुकानात जाऊन बसायचे. तिने त्यांना कॅमिओ शिकवला. कॅमिओ म्हणजे समुद्रातल्या मोठ्या शंखाचा तुकडा. वरचा थर पांढरा, खालचा भुरा. पांढरा थर कोरत कोरत त्यातून बाईचा चेहरा काढायचा, भोवती सोन्याची नाहीतर मुलाम्याची चौकट, मागे पिन. मेमसाहेब गळ्याशी लावायच्या. कोणी असा दागिना दाखवला की मामाजी आधी तो पालथा करायचे. पिनचं टोक चौकटीबाहेर डोकावत असेल आणि नुसत्या आकड्यात अडकत असेल, तर माल जुना. फिरवून बंद करायची कडी असेल तर नंतरचा. मग गालाला लावायचे. शंख थंड लागतो, प्लास्टिक नाही लागत. मग उजेडाकडे धरायचे. शंखातून उजेड झिरपतो आणि बाई पाठीमागूनपण दिसते. मग भिंगातून छिन्नीचे बारीक ओरखडे शोधायचे. नाक सगळ्यात शेवटी. "तारीख नाकावर असते," म्हणायचे. सरळ, लांब, देवीसारखं नाक म्हणजे शंभर वर्षांच्या वर. छोटं, वर उचललेलं नाक म्हणजे तिच्या नातीच्या जमान्यातलं.

आता एवढी विद्या आली तर ती कॅमिओपुरती ठेवावी ना माणसाने! हे सकाळी पोहे खायला गेले की जलेबी उजेडाकडे धरायचे. ठेल्यावाला ओरडायचा, "भिया, खाना है कि फोटू निकालना है?" सियागंजच्या बाजारात दाराची बिजागरी घ्यायला जायचे आणि चार दुकानांतल्या बिजागऱ्या गालाला लावून यायचे. लग्नात पंगतीत बसले की समोरच्या रांगेची नाकं मोजायचे. माझ्या आत्याला एकदा कौतुकाने म्हणाले, "तुमचं नाक अगदी जुन्या बनावटीचं आहे हां." आत्याने दोन संक्रांती त्यांना तिळगूळ दिला नाही. पण महूच्या त्या बाईने जाण्याआधी एक कॅमिओ त्यांना दिला होता, तो दाखवताना मामाजी वेगळेच व्हायचे. आवाज खाली यायचा. द्राक्षाच्या पानांचा मुकुट घातलेली बाई, आणि नाक असं की बघत राहावं. माझी बायको म्हणायची, "मामा, हिच्यापुढे मामीपण फिकी." मामी आतून भांडं आपटायची.

मग मिल बंद झाली. भोंगा वाजेना, तर मोहल्ल्याला कळेना की चहा कधी प्यायचा. मामाजी रोज सकाळी फाटकापर्यंत जायचे, कुलूप उलटं करून बघायचे आणि घरी यायचे. म्हणायचे, "कुलूप नवीन आहे. मतलब लवकर नाही उघडणार." त्याच दिवसांत शहरात काचेची, एसीची दुकानं उघडून राहिली होती. एका सेठने दागिन्यांचं मोठं शोरूम काढलं. जुन्या घराण्यांकडून त्याने पेटीभर जुना माल घेतला होता आणि त्याला माल बघून उमर सांगणारा माणूस पाहिजे होता. मामाजींचं नाव कोणीतरी सांगितलं. सेठने बोलावलं, सोमवारी या, आपला एखादा नग आणा, काय येतं ते दाखवा. दारावर उभा राहायलापण एक माणूस हवा होता, तर मामाजींनी माझंही बोलून ठेवलं. रविवारी आमच्याकडे दाल-बाफले खायला आले तेव्हा घास तसाच हातात ठेवून म्हणाले, "जावईबापू, पंचावन्नाव्या वर्षी कोणी परत म्हटलं की हा माणूस कामाचा आहे, तर बस्स. दुसरं काही नको." जेवून ते सिमरोलला साडूचा कोट मागायला निघाले. बसमध्ये खिसे कापतात, म्हणून कॅमिओची डबी माझ्याकडे दिली. "उद्या सकाळी घेतो. तुमच्याजवळ म्हणजे तिजोरीत."

तिजोरीने काय केलं ते ऐका. मला वाटलं, मामाजी एवढं करतात आपल्यासाठी, आपणपण काही करावं. चौकट पितळेची, वर सोन्याचा मुलामा, ती काळवंडली होती. बायको तांब्या-पितळेला चिंच लावते तर कसे लखलख होतात! मी वाटीत गरम पाणी घेतलं, चिंच कोळली, मीठ टाकलं. तेवढ्यावर थांबावं की नाही? सियागंजातून शरबतासाठी आणलेलं निंबूसत होतं, लिंबाच्या आंबटाची पांढरी पूड, तेपण मूठभर टाकलं. कॅमिओ त्यात सोडला. बारीक बुडबुडे यायला लागले, सोड्यासारखे. मी खूश, की मैल निघून राहिला आहे. तुपात बुडवलेले कणकेचे बाफले पोटात जड झालेले, आडवा झालो. उठलो तर ऊन उतरलं होतं. चौकट अशी चमकत होती जशी आज घडवली. आणि बाईला नाक नव्हतं. ओठ नव्हते. द्राक्षाची पानं पुसली गेली होती. चोखून टाकलेली पिपरमेंटची गोळी असते ना, तसा चेहरा. चिंच आणि निंबूसत शंख खातं, हे मला कोण सांगणार? सांगणारा सिमरोलला कोट मागायला गेला होता.

सांगायला पाहिजे होतं. सकाळी मामाजी आले, कोट त्यांना दोन बोटं मोठा, भांग पाडलेला, आणि मी कापसात गुंडाळलेली डबी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "चला, उशीर होईल." बस, एवढंच म्हणालो. मनात म्हटलं, ते पाठ बघतात, तोंड बघणारच नाहीत.

आणि खरंच, आधी पाठच दाखवली त्यांनी. सेठ, त्याचा मुलगा, चार सेल्समन, सगळे काउंटरभोवती. मामाजींनी डबी उघडून कॅमिओ पालथाच उचलला आणि हिंदीत अशी पिन समजावली, अशी पिनची बिजागरी समजावली की सेठ पुढे वाकला. "वाह काकाजी," म्हणाला. मामाजींचे कान लाल झाले. मग म्हणाले, "अब नाक देखिए," आणि सुलटा केला.

त्यांचा अंगठा नाकाच्या जागेवर गेला. फिरला. परत फिरला. मग त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघितलं. माझी नखं चिंचेने तांबूस झाली होती. मी हात मागे घेतले. भिंगवाल्या माणसाला आणखी काय लागतं?

"ये क्या है काकाजी? मुँह कहाँ गया?" सेठने विचारलं.

मामाजी कोट सरळ करत म्हणाले, "सेठजी, मेरे हाथ से हुआ. चमकाने को इमली में डाल दिया."

"इमली में? शंख को?" सेठच्या मुलाने मोठ्याने विचारलं. "पुराने माल के जानकार और चटनी बना दी!"

सगळे हसले. आणि मीपण हसलो. खोटं नाही बोलत. चार लोक हसले की माझं तोंड आपोआप उघडतं, जन्माची सवय आहे. त्या हसण्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

सेठ म्हणाला, "काकाजी, बुरा मत मानना, आपसे नहीं होगा." मामाजींनी भिंगाची घडी केली. "कोई बात नहीं. दरवाजे के लिए ये हमारे जमाई हैं, सीधे आदमी हैं." सीधे आदमी हैं! आणि मला ती नोकरी लागली.

नंतर मामाजी सियागंजात एका व्यापाऱ्याकडे बारदानाची पोती तपासायला लागले. अर्धी पोती नापास करायचे, व्यापारी डोक्याला हात लावायचा. मला त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. मी एकदा हिंमत केली. दिवाळीचं जेवण, सगळे बसलेले. म्हटलं, "मामाजी, ते चिंचेचं म्हणजे असं की..." ते लगेच म्हणाले, "जावईबापू, भात घ्या." आणि स्वतः उठून वाढला, एवढा वाढला की मला बोलताच येऊ नये. एकदा शोरूमसमोरून जाताना थांबले. काचेत एक कॅमिओ मांडला होता. मी पट्ट्यांच्या युनिफॉर्ममध्ये धावत दार उघडलं, "या ना मामाजी." म्हणाले, "नको, एसीची हवा जाते, दार लावा." काचेला नाक टेकवून बघितलं आणि हळूच म्हणाले, "पाठ दिसली असती तर सांगितलं असतं."

जाण्याआधी त्यांनी तो बिननाकाचा कॅमिओ माझ्या मुलीला दिला. तिने विचारलं, "मामाआजोबा, हा केव्हाचा?" म्हणाले, "पिन आणि चौकट शंभराच्या वर. चेहरा मात्र मिल बंद झाली त्या साली उन्हाळ्यात गेला. कोणी चांगल्या मनाने पुसलाय. खोट्या माणसाला माल कळतो, तो असं करत नाही." मी तिथेच बसलो होतो. खाली चटई होती, चटईकडे बघत होतो.

मामाजींना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी लग्नकार्यात तो कॅमिओ लावते, लोक विचारतात नाक कुठे, आणि आमच्या खानदानात एकच गोष्ट सांगतात, की मामाजी एवढे मोठे जाणकार आणि शंख चिंचेत टाकला. सगळे हसतात. गेल्या महिन्यातल्या लग्नातपण हसले, मामी तेवढी उठून आत गेली, आणि मी, पट्ट्यांचा युनिफॉर्म उतरून किती वर्षं झाली तरी, सगळ्यांच्या बरोबरीने हसलो. मामाजींचा अंदाज आयुष्यात एकदाच चुकला, माझी पाठ बघितली तेव्हा. ह्याला लपवता येत नाही म्हणे!

तर चिंच मी कोळली होती. निंबूसत मी टाकलं होतं. मामाजींना शंखाचं सगळं येत होतं, अगदी सगळं. येत्या रविवारी मामी आणि बाकी सगळे जेवायला येणार आहेत, तेव्हा हे असंच पानावर बसून बोलायचं ठरवलं आहे. भीती फक्त एवढीच वाटते की मी तोंड उघडलं की सवयीने वाट बघत बसेन, कोणी भाताचं पातेलं घेऊन उठतंय का. आता कोण उठणार?