नावडत्या राणीचा अपराध

मोठ्या माणसांसाठी परीकथा नव्याने लिहिते असं सांगितलं की लोक माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघतात. नातवंडांसाठी का, असंही विचारतात. नाही हो, तुमच्यासाठीच, असं मी ठणकावून सांगते. राक्षस मेला की मुलांना झोप लागते. मोठ्यांचा राक्षस मरत नाही, त्यांना रोज त्याच्याच शेजारी पाट मांडून जेवायचं असतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा ऐकायला येतात. याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही.

नाशिकला आमच्या सोसायटीतल्या बायका श्रावणात कुणाकडे तरी जमतात आणि हातात अक्षता घेऊन कहाणी ऐकतात. कहाणी संपली की अक्षता देवापुढे वाहायच्या, मग गूळ-फुटाणे आणि दूध. तोवर मूठ सोडायची नाही, त्यामुळे मोबाइललाही कुणाचा हात लागत नाही. वाचायचं काम बहुतेक माझ्याकडे, आवाज खणखणीत म्हणून.

गेल्या श्रावणात ऐकायला माझी धाकटी नणंद होती. तिच्या नवऱ्याची निफाडकडे द्राक्षबाग आहे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्याने तिला आमच्या दारात आणून सोडलं आणि कारण काही सांगितलं नाही. तेव्हापासून ती आमच्याकडेच राहते, ब्लाउज शिवते, स्वतःचं भागवते. त्या आठवड्यात इतक्या वर्षांनी त्याचा निरोप आला होता, छाटणीच्या आत ये. छाटणीला मजूर येतात, त्यांचा स्वयंपाक कुणी करायचा हा त्याचा प्रश्न असणार, हे मला लगेच कळलं. तिने मात्र बॅग भरायला घेतली. मला फार राग आला. त्याच्यावर आणि खरं सांगायचं तर तिच्यावरही.

म्हणून त्या दिवशी मी कहाणी बदलली. राजा नावडत्या राणीला रानात हाकलतो, तिची झोपडी भरभराटीला येते, राजा शिकारीला येतो, तिच्या हातचं जेवतो आणि तिला परत न्यायला निघतो, इथवर सगळं नेहमीचं. माझ्या राणीने त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.

बायकांमध्ये चुळबुळ सुरू झाली. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू म्हणाल्या, "कहाणीत असे बदल करतात का? वसा आहे हा, तुझं पुस्तक नव्हे." तरी त्यांनी अक्षता वाहिल्या. बाकीच्यांनीही वाहिल्या. नणंद मूठ मिटून बसून राहिली.

"वाहा ना," मी म्हटलं.

"संपली कुठे?" ती म्हणाली. "वहिनी, तू दार लावलंस ते माझ्यासाठी. कळतं मला. पण तुझी राणी नुसती चिडली. त्याच्याशी बोललीच नाही."

"काय बोलायला हवं होतं?"

"माझा अपराध काय होता, एवढंच. लहानपणापासून ही कहाणी ऐकते. राजाने तिला का हाकललं, हे कधी कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही."

फुटाण्यांची वाटी फिरत होती ती थांबली. काकूंनी मान खाली घातली. मी आयुष्यभर परीकथा उलट्यासुलट्या केल्या, राण्यांना तलवारी दिल्या, राक्षसांना बोलतं केलं आणि हा साधा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. मला तिचा हेवा वाटला आणि अभिमान त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळत असताना तिने स्वयंपाकघरातूनच नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी ऐकावं असं तिला वाटत असावं.

"येते म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण आधी एक सांगा. मला का सोडलं होतं तुम्ही?"

पलीकडे ट्रॅक्टर चालू होता. तो बंद झाला.

"आता ते जुनं कशाला उकरती? लय वर्षं झाली त्याला. आता नाय आठवत."

तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली. "इतकी वर्षं तेच शोधत होते मी. आता नाही शोधणार, आणि येणारही नाही."