ऑस्बर्टनं तोंड उघडलं

वॉरिनचा बाप विदरसेटच्या जहागिरीत डुकरं राखायचा. पोरगं डोक्यानं तल्लख निघालं, पाद्रीबाबानं त्याला लॅटिन शिकवली, आणि मग गडी थांबला नाही. आधी कारकून, मग वकील, आणि दाढी पिकायला लागली तेव्हा राजाचा न्यायाधीश. डोक्यावर न्यायाधीशाची पांढरी टोपी चढली. ती राजापुढंसुद्धा काढायची नसते. घोड्यावरून गावोगाव हिंडायचं आणि तिथला तिथला तुरुंग रिकामा करायचा, हे त्याचं काम. थोडे सुटून घरी जायचे, बाकीचे फासावर. बारा शेजारी शपथेवर सांगतील ते खरं, त्यापुढं न्यायाधीशाचंही काही चालत नसे.

त्या साली ईस्टरआधीचे उपास चालले होते. मांस बंद, रोज खारवलेली मासळी खाऊन सगळं कोर्ट वैतागलेलं. तेवढ्यात बेड्या वाजवत ऑस्बर्ट पुढं आला. हा विदरसेटचाच, लहानपणी दोघं एकाच रानात डुकरांमागं पळालेले. जहागीरदाराच्या मेंढ्या चोरल्याचा आळ होता.

"निवाडा बारा शेजाऱ्यांवर सोपवतोस का?" कारकुनानं विचारलं.

आरोपीनं 'हो' म्हटल्याबिगर खटला उभाच राहत नसे. ऑस्बर्ट गप्प. पुन्हा विचारलं. भिंत बोलेल, पण हा नाही.

न बोलणाऱ्यासाठी कायदा ठरलेला होता. अंधारकोठडी, अंगावर लोखंडाचं ओझं, एक दिवस सातूची भाकर, दुसऱ्या दिवशी नुसतं डबक्यातलं पाणी. बोलेपर्यंत, नाहीतर मरेपर्यंत. वॉरिननं हुकूम दिला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःच कोठडीत उतरला. असं त्यानं आजवर कधी केलं नव्हतं.

"आरं, बोल की लेका! मरायचं ठरवलंस व्हय?"

"कोन, वॉरिन?" अंधारात ऑस्बर्ट खोकत हसला. "टोपी घातलीस, पन डुकराचा वास गेला का रं अंगाचा?"

"मेंढ्या तू न्हाई चोरल्यास."

"न्हाईच. जहागीरदाराच्या कारभाऱ्याला माझं वढ्याकडचं वावर पायजे. गुन्हा शाबीत झाला की जमीन जहागीरदाराची. न बोलता मेलो तर मला कुनी चोर ठरवीत न्हाई. वावर पोरास्नी ऱ्हातंय."

"पन ती बारा मानसं आपलीच हाईत. देवाची शपथ घिऊन खोटं बोलतील व्हय?"

"तुला गाव सोडून लई दिस झालं, बाबा. समदी जहागीरदाराच्या चक्कीवर दळत्यात, त्याच्या इरुद्ध कोन बोलंल?"

वॉरिनला हे ऐकवेना. अशाच बारा जणांच्या शब्दावर त्यानं आजवर माणसं टांगली होती. तो शब्द खोटा निघाला, तर ती माणसं कुणी मारली?

"मी हाय न्हवं तिथं? एकेकाच्या डोळ्यात बघून विचारीन. गुन्नील्डचा इचार कर. तिला तू जित्ता पायजेस."

बायकोचं नाव निघालं आणि ऑस्बर्ट ढिला पडला.

"बरं. तू म्हनतोस म्हनून."

दुसऱ्या दिवशी तो कोर्टात 'हो' म्हणाला. बारा जण उभे राहिले. कारभारी दाराशी टेकून नखं कुरतडत होता. वॉरिन एकेकाकडं बघत गेला. एकानंही मान वर केली नाही.

"मेंढ्या त्यानंच नेल्या, सरकार," त्यांचा म्होरक्या थर्स्टन म्हणाला.

"पुन्हा सांग. शपथ घेतलीयस तू."

"त्यानंच."

मागं गुन्नील्ड ओरडली, "आरं थर्स्टन, तुझी जीभ कशी झडली न्हाई!" शिपायांनी तिला बाहेर ओढलं.

आता कायद्यानं एवढंच विचारायचं उरलं होतं, आणि वॉरिननं विचारलं, "याच्या नावावर काय आहे?"

"वढ्याकडचं वावर," थर्स्टन म्हणाला. तेव्हा कुठं कारभाऱ्यानं नखं सोडली.

वॉरिननं फाशी सुनावली. कारकुनानं पुढचं नाव पुकारलं.

वॉरिन पुढं बरीच वर्षं न्यायाधीश राहिला. बारा जणांना शपथा देत राहिला, माणसं टांगत राहिला. पण कुणी गप्प उभा राहिला, तर त्याला 'बोल' असं त्यानं कधी म्हटलं नाही.