बर्फाच्या लाद्यांवर टायरची परीक्षा

गेल्या रविवारी आम्ही भिगवणजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात दोन जीप घेऊन गेलो... मासळीसाठी बर्फ आणायला नाही, टायर तपासायला! हसू नका, पूर्ण वाचा.

झालं असं, की माझ्या आईला बर्फ पडलेला बघायचाय. भवानीनगरच्या आमच्या वस्तीवरून शाळा लांब, म्हणून तिसरीपर्यंत तिनेच मला चुलीपुढे बसवून शिकवलं. हिमालयाचा धडा शिकवताना म्हणायची, "मी तरी कुठं बघितलाय, पण असतोय म्हणं." आता मी कमावते, म्हणून यंदा तिला हिमाचलात, स्पितीला न्यायचं ठरवलं.

गाडी डाळजच्या विलासकाकांची, फोर बाय फोर जीप. चालवणार काका आणि मी, आळीपाळीने. आणि इथेच माझी झोप उडाली.

काकांच्या जीपला मड टायर आहेत. मोठमोठ्या रबरी गोट्यांचे, उसाच्या फडातल्या चिखलातून गाडी ओढून काढणारे. मी मात्र पंधरा दिवस वाचून वाचून एवढं शिकले होते, की बर्फात रबर थंडीने कडक व्हायला नको आणि टायरवर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक चिरा हव्यात. बाजूला डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्हही हवं.

काकांना हे सांगितलं, तर म्हणाले, "पोरी, एवढं दात हायत टायरला. चिखलाला भीत न्हाय त्यो बर्फाला भिईल व्हय?"

मी घरात जाहीर करून टाकलं... टायरची खात्री झाल्याशिवाय आईला घेऊन जाणार नाही. बोलून गेले खरी, पण आईचा चेहरा एवढासा झाला. त्या दिवसापासून तिने स्पितीचं नावच काढलं नाही. मला तेच जास्त लागलं.

बारामतीला ज्यांच्या दुकानात आम्ही टायर बघत होतो, ते तांबोळीमामा म्हणजे भला माणूस. त्यांच्या स्वतःच्या जीपला त्या हिमकणाच्या चिन्हाचे टायर आहेत. बर्फाचा कारखानाही त्यांच्या ओळखीचा निघाला. म्हणाले, "एवढी शंका हाय तर करूनच बघू."

तर रविवारी सकाळी कारखान्याच्या आवारातल्या उतारावर ओली पोती अंथरून त्यावर लाद्या मांडल्या. सरकू नयेत म्हणून खालून दगड लावले. मागची चाकं लाद्यांवर, गाडी टू-व्हीलवर, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना, आणि हळूच वर चढवायची. गाडीच्या मागे कुणी उभं राहायचं नाही, हे मी चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा सांगायला लागले तेव्हा आई म्हणाली, "कळलं बाई, आमी काय बहिरं हाय का?"

पहिली काकांची जीप. चाकं जागेवरच फिरायला लागली... गरागरा. गाडी इंचभर हलेना. लादी मात्र घासून आरशासारखी झाली!

"भावजी, भांग पाडून घ्या त्यात," आई म्हणाली. काका सोडून सगळे हसले.

मग मामांची जीप. थोडी खरवडली, हातभर वर चढली. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात मागची बाजू अलगद आडवी सरकली आणि गाडी परत खाली आली. आता हसायची पाळी काकांची. "बघा! ह्यो पण घसरला!"

मामा शांतपणे म्हणाले, "ताई, भुसभुशीत बर्फ येगळा आणि ही काच येगळी. पाणी सुटल्याल्या बर्फावर कुठल्याच टायरची खात्री मी देणार न्हाय." मग खात्री कशाची धरायची? मी आईकडे बघितलंच नाही. मनातल्या मनात ट्रिप रद्द करून टाकली.

आई मात्र काकांच्या जीपच्या मागे काहीतरी शोधत होती. खणखणाट करत तिने साखळ्यांची जोडी ओढून काढली. "फडात ट्रॉली रुतली की आपण चाकाला हे बांधतोय की. हितं का चालू नये?"

मामांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, तिकडं बी हेच करत्यात! मापाची स्नो चेन मिळती."

मामांच्या जीपच्या रिमला पोतं गुंडाळून मागच्या दोन्ही चाकांना साखळ्या बांधल्या. मामा जीव मुठीत धरून स्टिअरिंगवर बसले. कर्रर्र कर्रर्र... साखळी बर्फात रुतत गेली आणि जीप बैलासारखी सावकाश वर निघाली. लाद्यांचा चुरा उडाला. आईने तो ओंजळीत घेतला आणि मागून काकांच्या सदऱ्यात टाकला! काका पन्नाशीचे, आवारभर नाचले.

(हा साखळीचा उद्योग कुणी घरी करू नका. आम्ही दहा फूट चाललो, तेही चालत्या माणसाच्या वेगाने.)

काकांनी त्याच दिवशी टायर बदलायला होकार दिला, आणि मापाच्या चेनही मागवल्या. आता त्या बांधायचा सराव रोज अंगणात चालू आहे. आई सगळ्यात लवकर बांधते.

तरी माझं मन पूर्ण निवांत नव्हतं, म्हणून परवा तिला खरं खरं सांगितलं. टायर आहेत, चेन आहेत, पण रस्त्यावर काच झालेली दिसली तर मी गाडी वळवणार. तू बर्फापर्यंत पोहोचशीलच, असं वचन देता येत नाही.

ती चेनची गाठ सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "मग वळव की. लांबनं बघितला म्हणून काय त्यो बर्फ न्हाय व्हय?"

मी लगेच मोबाइल काढला आणि राहायच्या जागेचं बुकिंग पक्कं केलं. पंधरा दिवस मी जगातला सगळ्यात सुरक्षित टायर शोधत होते... माझ्याबरोबर कुठूनही आनंदाने परत फिरेल असं माणूस शेजारच्या सीटवर असणार आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.