शुद्ध मराठीतला कुत्रा

आमच्या सासरच्या घरात स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत एक भाषा होती आणि बाहेर दुसरी. हे मला लग्न होऊन आल्यावर तिसऱ्याच दिवशी कळलं. मी चहा घेऊन पडवीत गेले आणि सासऱ्यांना म्हणाले, "जनेल उक्तां आसा, चाय थंड जातली." मामंजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि अजिबात न रागावता सांगितलं, "खिडकी उघडी आहे, चहा थंड होईल, असं म्हणावं, सूनबाई."

रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला निदान तोंड फिरवता येतं. पण ते हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, त्यांचं सांगणं फळ्यावर लिहिल्यासारखं असायचं. माझं माहेर दोडामार्गकडचं. तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीज होते, आणि हद्दीवर पहारा असला तरी शब्दांना कोण अडवणार? आमच्या तोंडी तिकडचेच शब्द. ते एकेक करून मामंजींनी सुधारायला घेतले. मी त्यावर एक उपाय काढला. बोलणंच सोडलं. "हो", "नाही", "वाढू का?" एवढ्यावर सहा महिने काढले. शेजारपाजारी माझी कीर्ती झाली की सून भारी गुणी, आवाज म्हणून नाही. नवरा मुंबईला नोकरीवर, तो यायचा मे महिन्यात. मग बोलायचं कोणाशी?

सासूबाई माझ्याहून हुशार. त्या दोन्ही भाषा चालवत. चुलीपाशी मालवणी, पडवीत पुस्तकी. त्यामुळे गाय, बैल, कोंबड्या, मांजर, म्हणजे जी जी जनावरं त्यांच्या ताब्यात होती, ती सगळी मालवणीत सुखानं नांदत होती.

घोटाळा झाला तो कुत्र्याचा. माडांखाली पडलेले नारळ रोज कोणीतरी उचलून नेऊ लागलं, तेव्हा मामंजींनी माझ्या वडिलांना पत्र घातलं की एखादा चांगला कुत्रा मिळाल्यास पाठवावा. वडिलांनी शेजारच्या घरचा, वर्षाचा, तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला कुत्रा बाजाराला येणाऱ्या एका माणसाबरोबर धाडला. गोणपाटात गळ्यापर्यंत बांधून, एसटीच्या टपावरून, पुढे होडीतून. आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तो आला तेव्हा दोनदा ओकलेला होता आणि त्याचे मागचे पाय थरथरत होते.

हा कुत्रा मामंजींनी मागवलेला, म्हणजे पडवीचा. त्याला खांबाला साखळीनं बांधलं. त्याला एक नाव ठेवलं. ते मी लिहीत नाही, पण त्यात दोन जोडाक्षरं होती आणि सासूबाईंना ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. मामंजींचा नियम असा की कुत्र्याला एकाच माणसानं खायला द्यावं आणि एकाच माणसानं शिकवावं, नाहीतर तो बिघडतो. शिकवणी त्याच दिवशी सुरू झाली.

"इकडे ये. बस. असा नव्हे, नीट बस. माझ्याकडे पाहा."

मी आतून ऐकत होते आणि माझ्या हातातली भाकरी थापायची राहिली. त्या बिचाऱ्यानं जन्मात असली भाषा ऐकली नव्हती. कुत्र्याला शब्द कळतात की नुसता सूर, यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. पण मामंजींच्या शुद्ध मराठीला सूरसुद्धा वर्गाचाच होता. त्यात "पाहा" म्हणताना ते समोर वाकून त्याच्या डोळ्यांत रोखून बघायचे. कुत्रा मान वळवायचा, जांभई द्यायचा, ओठ चाटायचा. मामंजी म्हणायचे, "लक्ष नाही. जांभया देतो आहे." आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं की भ्यालेला कुत्रा झोप आलेली नसताना जांभई देतो.

पहिल्या दिवशी त्यानं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी भात आणि बांगड्याची डोकी तशीच राहिली, त्यावर कावळे आले आणि तो त्यांच्यावर भुंकलाही नाही. आणखी एक गोष्ट मला आतून दिसत होती. माहेरी कुत्रे मोकळे, लागलं की बागेत जाऊन येतात. ह्याला साखळी. पडवी सारवलेली, स्वच्छ. ती घाण करायला त्याचं मन धजेना, आणि मामंजी त्याला नेत ते सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला, घड्याळ बघून, माडाला एक फेरा. साखळी ताणलेली, मागे मास्तर उभे. अशानं कोणाला धड होईल? त्याचं पोट टम्म फुगलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी मामंजींनी त्याला एरंडेल पाजलं, संध्याकाळी ओव्याचा काढा. चौथ्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "गो, तो काय खाणा नाय, पाण्याकय धड तोंड लावणा नाय. असोच ऱ्हवलो तर मरतलो तो."

मला काय ते कळलं होतं. पण सांगायचं कसं? सांगायचं म्हणजे मामंजींना सांगायचं, की चूक तुमची आहे, आणि तेही शुद्ध बोलून. मनात वाक्य जुळवायची, क्रियापद नीट लावायची, पडवीच्या दारापर्यंत जायची आणि "वाढू का?" म्हणून परत यायची. मला माझीच चीड आली होती. कुत्रा उपाशी मरत होता आणि मी व्याकरणाला घाबरत होते.

मामंजी दुष्ट नव्हते, हे इथेच सांगते. चौथ्या दिवशी त्यांनीही पानावरचा भात अर्धा टाकला. मला सासूबाईंनी पूर्वी एकदा सांगितलं होतं, की मास्तरकीच्या शिक्षणाला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी ते वर्गात उभं राहून "शिपाई आला"ऐवजी "शिपाई इलो" म्हणाले होते आणि सगळा वर्ग हसला होता. त्यानंतर ते घरीसुद्धा कधी तसं बोलले नाहीत. ज्याला कोणी हसू नये असं आपल्याला वाटतं, त्याला नीट भाषा द्यायची, एवढंच त्यांचं म्हणणं. कुत्र्यालाही ते तेच देत होते.

पाचव्या दिवशी दुपारी ते मालवणला पोस्टात गेले. ढोरांच्या डॉक्टरला कणकवलीला लिहायला कार्ड आणायचं होतं. सासूबाई मागे शेणी थापत होत्या. मी नारळाच्या करवंटीत कोमट पेज घेतली आणि पडवीत गेले. कुत्रा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याच्यापासून दोन हातांवर, त्याला पाठमोरी बसले, आणि खळ्याकडे बघत बोलायला लागले.

"काय रे पुता, खंयसून हाडलो रे तुका? गोणयेत घालून हाडलो मां? माकाय तशीच हाडली. बरां नाय वाटत मां हंय? भियू नको. कोण काय करूचो नाय. पेज निवता, जेव रे पुता."

आणि मग मी थांबलेच नाही. त्याला काय काय सांगितलं! आमच्या घरामागच्या व्हाळाचं पाणी, काजी भाजण्याचा वास, माझ्या आवशीचं, आईचं, सकाळी सगळ्यांना हाका मारणं. सहा महिन्यांचं साठलेलं होतं. पाठीमागे साखळी वाजली. मग ओलं नाक माझ्या कोपराला लागलं. मी तरी वळले नाही. हळूच साखळी काढली. तो उठला, धडपडत खळ्यात उतरला, आणि माडाच्या मुळाशी जाऊन उभा राहिला तो किती वेळ! मला हसू आवरेना. परत आला, माझ्या शेजारी बसला, एक लांबलचक उसासा टाकला आणि पेज प्यायला लागला. चाटून चाटून करवंटी पार खळ्यात घेऊन गेला.

मी वळून बघितलं तर खळ्याच्या कडेला मामंजी. छत्री मिटलेली, पायांत चपला तशाच. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी उभी राहिले आणि जे शुद्ध येत होतं ते म्हणाले, "चुकलं."

त्यांनी चपला खळ्यातच काढल्या. कुत्र्याला वळसा घालून आत गेले. त्यांच्या हातात पोस्टातून आणलेलं कार्ड होतं, ते कोरंच राहिलं.

मी रात्रभर वाट बघत होते की आता मला बोलणी बसणार. सकाळी चूल पेटवत होते, तेव्हा पडवीतून आवाज आला. आधी कोणीतरी घसा खाकरला. मग अगदी दबक्या आवाजात, आजूबाजूला कोणी नाही ना याची खात्री केल्यासारखं, "हंय यो रे."

सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. बाहेर परत, जरा मोठ्यानं, "यो, यो. मी काय करणंय नाय तुका."

"लग्नाच्या पयल्या वर्साक, मास्तरकीक जावच्या आदी, माझ्यावांगडा असां बोलत होते," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, आणि आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

कुत्रा मामंजींकडे लगेच गेला नाही. तीन दिवस लावले त्यानं. पण मामंजी चिवट विद्यार्थी निघाले. त्यांनी एक जुनी वही काढली आणि तीत कुत्र्याबद्दल जे जे दिसेल ते लिहायला सुरुवात केली. जांभई म्हणजे भीती. शेपूट खाली पण हलती, म्हणजे विचारात आहे. समोरून जाऊ नये, बाजूनं जावं. कानांत गोचीड झाले तर करंजेल लावावं, पण आधी हात वासाला द्यावा. माझ्याकडून काही कळायचं झालं तर ते सासूबाईंना मोठ्यानं विचारत, "कुत्र्याला शिमग्याचे ढोल सोसतात का, हे कोणाला ठाऊक असेल?" मी आतून सासूबाईंना हळू सांगत असे की सोसत नाहीत, त्याला कणगीच्या मागे अंधारात जाऊ द्यावं, ओढून बाहेर काढू नये. मग ते लिहून घेत. साखळी गेली. पडवीच्या कोपऱ्यात जुन्या गोधडीची जागा झाली, आणि तिथे असताना त्याला कोणी हात लावायचा नाही असा हुकूम निघाला. पाण्याचं मडकं सावलीत. जोडाक्षरं आपोआप गळाली आणि कुत्रा नुसता "पुता" झाला. अंगावर तकाकी आली. नारळ चोरीला जायचे थांबले, अर्थात तो भुंकायचा फक्त माकडांवर, चोर बहुधा माकडंच असावीत.

महिनाभरानं एका दुपारी मामंजी पडवीत बसून सासूबाईंना वही वाचून दाखवत होते. मी आत तांदूळ निवडत होते. ते वाचत होते, "नव्या जागी आलेलं जनावर गप्प बसलं, तर ते शहाणं आहे किंवा हट्टी आहे असं समजू नये. ते..."

पुढे वाचेनात. मला वाटलं चष्मा पुसत असतील. मग त्यांची पावलं ऐकू आली. ते स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी कधी येत नसत. आज आले, चौकटीला हात धरून उभे राहिले. मी पदर सावरून उठायला गेले.

"बस, बस," ते म्हणाले. नजर सुपातल्या तांदळावर ठेवली. मग लेकीला म्हणावं तसं म्हणाले, "चेडवा, तू बोलणंस नाय म्हणान मी तुका गुणी समजलंय. माझी चूक झाली. खरां सांग, बरां वाटता मां गो तुका हंय?"

हो म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. सहा महिने त्याचीच तर सवय झाली होती. पण कुत्रा त्यांच्या पायांमधून डोकं काढून माझ्याकडे बघत होता, सासूबाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि मला खोटं बोलवेना.

"माका आवशीची आठवण येता," मी म्हटलं.

"मग जाव्या," मामंजी म्हणाले. "उद्याच्या गाडीन जाव्या. मी येतंय तुझ्यावांगडा."

आणि मी त्या घरात पहिल्यांदाच, कुणापासून न लपवता, मोठ्यानं रडले.